मॅकवे धबधबा, बिग सर: दहा मिनिटांच्या वाटेसाठी एवढा ड्राइव्ह करावा का?

पाऊलखुणा
नमस्कार मंडळी. मार्चच्या शेवटी आई येतेय आमच्याकडे. वय ७२, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि घरात आमचं साडेचार वर्षांचं पिल्लू आहेच. आईने फोनवरच बजावून ठेवलंय की मला नुसतं गाडीतून समुद्र दाखवू नका, थोडं चालू द्या. कॅलिफोर्नियात बिग सरच्या किनाऱ्यावरच्या त्या मॅकवे फॉल्सचा फोटो तिने कुठल्यातरी कॅलेंडरवर बघितलाय, हिरवंनिळं पाणी, वाळूचा अर्धगोल आणि त्यात पडणारी ती एकच बारीक पांढरी धार, आणि तेव्हापासून तेच चाललंय. पण चौकशी केली तर कळलं की वाट जेमतेम दहा मिनिटांची आहे, पलीकडच्या कड्यावरून बघायचं आणि परत फिरायचं. आम्ही सॅन होजेला राहतो, म्हणजे एका बाजूने अडीच तास तरी धरायचेच, तेही वळणावळणाच्या रस्त्यावर मागच्या सीटवर लहान मूल घेऊन. इतक्या छोट्या वाटेसाठी जावं का? आणि खाली वाळूवर उतरता येतं का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

कडेकपारी
जा. नक्की जा. आम्ही चार वेळा गेलोय.

आधी कामाचं सांगतो. मॅपवर नाव टाकताना नीट बघा कारण तिथे फायफर नावाच्या तीन जागा आहेत आणि लोक हमखास चुकतात. पहिली फायफर बिग सर स्टेट पार्क, दुसरी फायफर बीच आणि तिसरी ज्युलिया फायफर बर्न्स स्टेट पार्क. तुम्हाला हवी ती तिसरी. पहिल्या पार्कमध्ये फायफर फॉल्स नावाचा वेगळाच धबधबा आहे, रेडवुडच्या झाडीत, छान आहे पण त्याचा समुद्राशी काही संबंध नाही. माझा साडू कुटुंबासकट तिथे जाऊन, चढ चढून, "समुद्र कुठंय" म्हणून विचारत बसला होता. ज्युलिया फायफर बर्न्स तिथून आणखी १२ मैल दक्षिणेला, कार्मेलपासून मोजलं तर ३७ मैल.

गाडी आत लावायची तर दिवसाचं तिकीट, आम्ही गेलो तेव्हा १० डॉलर होतं. ती पावती जपून ठेवा, त्याच दिवशी तिथल्या दुसऱ्या स्टेट पार्कातही चालते. वाट पार्किंगच्या खालून सुरू होते, काही पायऱ्या उतरायच्या, मग हायवेच्या खालून एक बोगदा आणि बोगद्यातून बाहेर पडलात की एकदम समोर समुद्र. उजवीकडे वळायचं आणि कड्याच्या कडेने चालत राहायचं. जाऊन येऊन अर्धा मैल, म्हणजे पाऊण किलोमीटरच्या आसपास. आईंचा गुडघा त्या पायऱ्यांपुरता सांभाळा, पुढे चढ असा नाहीच.

खाली उतरता येत नाही. त्यावर नंतर लिहितो, सविस्तर लिहायची गरज आहे.

निळाई
पाऊलखुणा, "इतक्या छोट्या वाटेसाठी" हे वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. अगं वाट दहा मिनिटांची आहे पण म्हणून तिथे दहाच मिनिटं थांबायचं असं कुणी सांगितलंय? मी पहिल्यांदा गेले तेव्हा सोबतच्या मंडळींनी फोटो काढले, "झालं बघून" म्हणाले आणि बाविसाव्या मिनिटाला आम्ही परत गाडीत होतो, त्या दिवशी अजून पाच स्पॉट करायचे होते ना. मला त्यातलं आज काही म्हणजे काही आठवत नाही. दुसऱ्यांदा मी आणि नवरा दोघंच गेलो आणि दीड तास तिथल्या कठड्याला टेकून उभे होतो. पाण्याचा रंग तेवढ्या वेळात तीनदा बदलला, ढग आला की करडा, गेला की पाचूसारखा, आणि धार तर वाऱ्याने हलते, सरळ पडत नाही, मध्येच वारा तिला बाजूला सारतो आणि ती खडकावर शिंपडली जाते. हे फोटोत येत नाही. आईंना घेऊन जा आणि दिवसभरात दुसरं काहीच ठेवू नका.

भटकभवानी
निळाई +१०००

खडकवेडा
माझा आवडता विषय निघाला त्यामुळे थोडं लांबण लावतो.

हा धबधबा ८० फूट, म्हणजे २४ मीटर. उंचीत काहीच नाही, मोठे धबधबे बघितलेल्यांना किरकोळ वाटेल. मजा ही आहे की तो समुद्रालाच भेटतो. एरवी ओढा डोंगरातून उतरून सपाटीवर येतो, रमतगमत खाडी होतो आणि मग समुद्राला मिळतो. इथे सपाटीच नाही. मागचे सांता लुसिया डोंगर समुद्रातून सरळ उभे राहिल्यासारखे आहेत, त्यातलं कोन पीक ५,१५५ फुटांचं आणि ते किनाऱ्यापासून फार तर तीन मैल. डोंगर वर उचलले जातायत आणि खालून लाटा कडा कापतायत, आणि मॅकवेचा ओढा तर एवढासा, त्याला बिचाऱ्याला त्या वेगाने आपलं पात्र खोल करता येत नाही. म्हणून तो कड्याच्या टोकाला लटकून राहिलाय आणि तिथून खाली उडी घेतो. ओढा लहान असला तरी बारमाही आहे, आटत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात गेलात तरी धार असतेच. पावसाळा तिकडे हिवाळ्यात, तेव्हा मार्चएंडला चांगली जाड धार मिळेल.

आता त्या वाळूबद्दल. ती वाळू पूर्वी नव्हतीच! १९८३ पर्यंत ही धार थेट समुद्राच्या पाण्यात पडायची. त्या वर्षी प्रचंड पाऊस झाला आणि धबधब्याच्या उत्तरेला अख्खा डोंगरउतार खाली आला, हायवे वर्षभर बंद होता, आणि रस्ता मोकळा करताना निघालेलं दगडमातीचं सगळं लटांबर समुद्रात गेलं. समुद्राने ते दळलं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने सरकवत आणून या खाचेत टाकलं. म्हणजे कॅलेंडरवरचा तो सुंदर अर्धगोल किनारा चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा आहे, माझ्यापेक्षा लहान. मला ही गोष्ट भयंकर आवडते. आपण निसर्गदृश्य म्हणून बघतो ते कधीकाळचंच असेल असं धरून चालतो, आणि इथे आपल्या आईवडिलांच्या तरुणपणी हे दृश्यच वेगळं होतं.

आजही मोठी भरती असली की पाणी पार कड्यापर्यंत येतं आणि धार पुन्हा समुद्रात पडते, जुन्यासारखी. पाऊलखुणा, जमलं तर भरतीचं टेबल बघून जा. तिकडे दिवसाला दोन भरत्या येतात पण दोन्ही सारख्या नसतात, एक मोठी एक छोटी, तेव्हा मोठी कधी ते बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास असेल तर उधाणाची, मग तर बघायलाच नको.

साधा_माणूस
पण फोटोंमध्ये खाली वाळूवर माणसं दिसतात की. म्हणजे जाता येत असणार ना कुठूनतरी? एवढं लांब जाऊन पाय भिजवायला मिळणार नसेल तर मुलं हिरमुसतील.

कडेकपारी
साधा_माणूस, हेच लिहायचं होतं.

खाली जायला वाट नाही आणि जायला बंदी आहे. तशा पाट्या आहेत, दंड होतो. जे दिसतात ते कठडा ओलांडून कड्यावरून घसरत गेलेले असतात, आणि एकाने केलं की दहा जण बघून करतात. तो कडा म्हणजे एकसंध पक्का खडक नाहीये, भुसभुशीत आहे, पाय ठेवला की खडी निसटते. खडकवेडाने वर लिहिलंच आहे की अख्खे डोंगरउतार खाली येतात तिथे, तर माणसाच्या वजनाचा काय पाड लागणार. दुसरं म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या लाटा. वीस मिनिटं शांत शांत असतं आणि मग एक लाट दुप्पट आत येते, काही इशारा नाही. खाच तिन्ही बाजूंनी बंद, पळायला जागा नाही, पाणी हाडं गोठवणारं. मदत मागायची तर मोबाईलला रेंज नाही.

मी स्वतः एकदा तिथे उभा असताना एक तरुण जोडपं कठड्याखालून पलीकडे गेलं. आम्ही वरून ओरडलो, हात केले, त्यांनी हसून हात हलवले. ती मुलगी उतारावर मध्येच अडकली, ना वर ना खाली, आणि चाळीस मिनिटं एका झुडपाला धरून बसली होती. शेवटी तिचा मित्रच कसाबसा तिला घेऊन वर आला. दोघंही पांढरेफटक. माझी धाकटी तेव्हा सात वर्षांची होती, ती सगळं बघत होती आणि रात्री झोपेत "ताई पडेल" म्हणत होती. हे मी विसरू शकत नाही.

मुलांना पाय भिजवायचेत तर त्यासाठी वेगळा किनारा ठेवा, कार्मेलला वाळू आहे, गाडी लावून चालत जाता येतं. तिथली लाटही जोरकसच असते, तेव्हा पाण्याकडे पाठ करू नका. पण मॅकवेला वरूनच.

साधा_माणूस
धन्यवाद, एवढं गंभीर असेल असं वाटलं नव्हतं. मुलांना आधीच सांगून नेईन.

टर्बाइनवाला
सगळे धबधब्याकडे पळतात आणि पार्किंगजवळच्या त्या छोट्या शेडकडे कुणी बघत नाही म्हणून लिहितोय. तिथे एक पेल्टन व्हील ठेवलेलं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेल्टन म्हणजे चाकाच्या परिघावर जोडवाट्या बसवलेल्या असतात आणि उंचावरून पाइपने आणलेलं पाणी बारीक तोंडातून जोरात त्या वाट्यांवर मारायचं. पाणी थोडं पण उंची भरपूर, अशा ठिकाणी हेच यंत्र लावतात. याचा शोधही कॅलिफोर्नियातलाच, लेस्टर पेल्टनने १८८० मध्ये पेटंट घेतलं. मॅकवेच्या ओढ्यावर हे चाक बसवून तिथल्या रँचला वीज मिळायची, अशा जागी जिथे तोवर रस्तासुद्धा धड नव्हता. हायवे सुरू झाला तो १९३७ साली, बांधायला १८ वर्षं लागली त्याला.

रँच होती लॅथ्रॉप आणि हेलन ब्राउन या जोडप्याची. लॅथ्रॉप न्यूयॉर्कमधून अमेरिकन संसदेत निवडून गेलेला, फ्रँकलिन रूझवेल्टचा कॉलेजातला रूममेट. या लोकांनी धबधब्याच्या बरोब्बर समोर घर बांधलं होतं! वाट जिथे संपते ना, तिथे फरसबंदी आणि भिंतीचे अवशेष दिसतात, ते त्या घराच्या गच्चीचे. तुम्ही उभे राहता ती जागा म्हणजे त्यांची गच्ची. ती ताडाची झाडंही त्यांनीच लावलेली, नाहीतर तिथे ताड कुठून येणार.

लॅथ्रॉप गेल्यावर हेलनने १९६१ मध्ये सगळी जमीन राज्याला देऊन टाकली आणि नाव स्वतःचं किंवा नवऱ्याचं नाही लावलं, ज्युलिया फायफर बर्न्स या तिथल्या शेतकरी मैत्रिणीचं लावलं, जी १९२८ लाच वारली होती. घराचं म्युझियम करावं अशी तिची इच्छा होती पण ते जमलं नाही आणि घर पाडलं. मला याचं वाईटही वाटतं आणि बरंही वाटतं, घर राहिलं असतं तर ती जागा सगळ्यांची झाली असती का कोण जाणे.

निळाई
टर्बाइनवाला, हे माहीतच नव्हतं. दीड तास दुसऱ्याच्या गच्चीत उभी होते म्हणजे मी! मैत्रिणीचं नाव दिलं हे वाचून फार छान वाटलं.

उजेडपारखी
फोटो काढणाऱ्यांसाठी. सकाळी जाऊ नका, सूर्य डोंगराच्या मागे असतो आणि खाच सावलीत. दुपारनंतर जा, तीन-साडेतीनपासून पाण्याचा रंग खुलतो आणि सूर्यास्ताच्या आधीचा तास सोन्यासारखा, पण तेव्हा गर्दीही असते. धार रेशमासारखी हवी असेल तर ट्रायपॉड घ्या, पोलरायझर (पाण्यावरची चकाकी कमी करणारा फिल्टर) लावा, अर्धा सेकंद पुरतो, फार लांबवलं तर लाटांचं नुसतं धुकं होतं आणि समुद्र मेल्यासारखा दिसतो, मला ते आवडत नाही. वाट अरुंद आहे तेव्हा ट्रायपॉडचे पाय आखडते ठेवा, मागून माणसं जात असतात. ड्रोन चालत नाही. कुत्रा वाटेवर नेता येत नाही, तेही सांगून ठेवतो.

जून-जुलैत जाणार असाल तर धुक्याची तयारी ठेवा. मी एकदा जुलैत पाच तास काढले आणि धबधब्याचा फक्त आवाज ऐकला.

भटकभवानी
मार्चएंड म्हणजे करड्या देवमाशांचा सीझन पण आहे हां! डिसेंबर-जानेवारीत ते दक्षिणेला मेक्सिकोकडे जातात आणि वसंतात पिल्लांना घेऊन परत उत्तरेला. परतीच्या वेळी आया-पिल्लं किनाऱ्याच्या जवळून जातात. दुर्बीण घ्या, समुद्रावर एकटक बघू नका, नुसती नजर फिरवत राहा, कारंज्यासारखा फवारा दिसला की तिथेच थांबा, तो पुन्हा येतो. आणि वर आकाशातही लक्ष ठेवा, बिग सरला कॅलिफोर्निया काँडोर आहेत, गिधाडासारखे प्रचंड मोठे पक्षी. पंखांचा पसारा साडेनऊ फूट, पंखांवर नंबरचे बिल्ले. १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरले होते, सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवले आणि मग परत सोडले. मी ज्या दिवशी बघितला त्या दिवशी धबधबा विसरले होते खरं सांगायचं तर.

रस्तेवाला
सगळं खरं पण मुख्य मुद्दा राहिला. निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी हायवे वन चालू आहे का ते बघितल्याशिवाय गाडी काढू नका. तो रस्ता सारखा तुटतो. २०१७ च्या फेब्रुवारीत फायफर कॅन्यनवरचा पूल खचला, नवीन पूल व्हायला ऑक्टोबर उजाडला, आणि त्याच मेमध्ये दक्षिणेला मड क्रीकला एवढी मोठी दरड आली की किनाऱ्याला काही एकर नवीन जमीनच तयार झाली, तो भाग २०१८ च्या जुलैत सुरू झाला. नंतरही २०२१, २०२३, २०२४, काही ना काही चालूच. मॅपवाले कधीकधी बंद रस्त्यावरून नेतात, राज्याच्या रस्तेखात्याची माहिती बघा. धबधब्याची वाटसुद्धा दुरुस्तीसाठी बंद ठेवतात अधूनमधून, ते पार्कच्या पानावर असतं.

टाकी कार्मेललाच फुल करा. ऑफलाइन मॅप घ्या. पिल्लूला गाडी लागत असेल तर बिक्सबी पुलापाशी आणि पुढे एकदा असं दोनदा थांबा.

डोंगरदादा
मी जरा वेगळं मत मांडतो. मला अलामेर फॉल्स जास्त आवडला. तोही समुद्रालाच मिळतो, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पॉइंट रेयेसला, उंची ४० फूट म्हणजे मॅकवेच्या निम्मी, पण तिथे जाऊन येऊन १३ मैल चालावं लागतं आणि शेवटी तुम्ही त्याच्या पायथ्याशी वाळूत उभे असता. कमवून बघितल्यासारखं वाटतं. (मधला शॉर्टकट दाखवतात तो घेऊ नका, घसरडा आहे, अधिकृत नाही. आणि किनाऱ्यावर ओहोटीचं गणित सांभाळा.)

निळाई
डोंगरदादा, कमवून बघायचा आनंद मान्यच आहे. पण ज्यांचे गुडघे कमवू देत नाहीत त्यांनी काय करायचं? माझे बाबा शेवटची दोन वर्षं व्हीलचेअरवर होते. सुंदर जागा गाडीपासून दहा मिनिटांवर असणं ही त्या माणसांसाठी केवढी मोठी गोष्ट असते ते घरात असं कुणी असल्याशिवाय कळत नाही.

डोंगरदादा
बरोबर आहे तुमचं. मी माझ्याच पायांचा विचार करून लिहिलं. आईंना नक्की न्या पाऊलखुणा.

खडकवेडा
या निमित्ताने, असे समुद्रात पडणारे धबधबे जगात थोडेच आहेत. फेरो बेटांवरचा मूलाफोसुर बघायचं माझं स्वप्न आहे, गासादालुर गावाला २००४ मध्ये बोगदा होईपर्यंत गाडीरस्ताच नव्हता, डोंगर चढून जायचे लोक. आणि आइसलँडचा स्कोगाफोस, ६० मीटर, तो पूर्वीच्या समुद्रकड्यावरूनच पडतो पण समुद्रच मागे हटलाय, आता पाच किलोमीटर लांब. म्हणजे मॅकवेला वाळू आली तसं तिथे अख्खं मैदान आलं.

पाऊलखुणा
जाऊन आलो! उशिरा लिहितेय, माफ करा.

रस्ता चालू होता. रस्तेवालांचं ऐकून दोनदा थांबलो, पिल्लूला एकदाही उलटी झाली नाही. भरतीचं टेबल बघून निघालो, पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस होता आणि भरती दुपारी होती, म्हणून दुसरं काहीच ठेवलं नाही. पायऱ्या आईने एक एक करून, कठडा धरून, कुणाचा हात न घेता उतरल्या. बोगद्यात पिल्लूने भरपूर आरोळ्या ठोकल्या. बाहेर आल्यावर मात्र दोघीही गप्प. आई एकदम थांबली आणि म्हणाली, "एवढं लगेच?" तिला वाटलेलं अजून चालायचंय.

त्या गच्चीपाशी आम्ही दोन तास दहा मिनिटं होतो. मी तिला हेलन ब्राउन आणि तिच्या मैत्रिणीची गोष्ट सांगितली, तर ती म्हणे की मग या घरातल्या बाईला रात्री झोपताना हाच आवाज येत असणार. देवमासा नाही दिसला, काँडोर पण नाही, एक पाणमांजर दिसलं, केल्पच्या (समुद्री शेवाळाच्या) पट्ट्यात उताणं पडलेलं, पिल्लूला तेच सगळ्यात आवडलं. दोन मुलगे कठड्यापलीकडे पाय टाकायच्या बेतात होते, आईनेच त्यांना मराठीत दटावलं, त्यांना भाषा कळली नाही पण मागे आले.

आणि भरती. आधी धार वाळूत पडत होती आणि तिथून एक छोटासा ओहळ वाकडातिकडा समुद्राकडे जात होता. हळूहळू लाटा त्या ओहळावरून वर यायला लागल्या. आई कठड्याला धरून प्रत्येक लाट बघत होती, "नाही पोचली... नाही पोचली..." असं स्वतःशीच. साधारण तासाभराने एक लाट थेट कड्याला जाऊन आपटली आणि धार पाण्यात पडली, वाळू दिसेनाशी झाली. आईने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "टेकली गं."

नंतर परत वाळू दिसली. मग परत टेकली. आम्ही नऊ वेळा मोजलं.

खडकवेडा
नऊ!! मी तीन वेळा गेलोय, मला एकदाही मिळालं नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.